डुक्कर फियाटचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी आणि घाट-विहिरींसाठी राखून ठेवला आहे. एखाद्या मोटारीच्या बाबतीत तो वापरावा, असे प्रस्तुत लेखकाच्या मनात कधी आले नसते; परंतु नोएडातील आमच्या परिचयाच्या एका मराठी घरी लागोपाठ चार हिवाळे जे काम चालले, त्याला त्या घरातील माई पहिल्या दिवसापासून हेच नाव देत आल्या आहेत. प्रथम त्या ते थट्टेने घेत. रविवारी सकाळी चहाचे कप घेऊन पोर्चमध्ये येत आणि विचारीत, "काय हो, आज जीर्णोद्धार आहे की सुट्टी?" पुढे थट्टा विरली आणि शब्द तेवढा राहिला.

ही मोटार म्हणजे १९६० सालची फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. इटलीत १९५३ साली निघालेली फियाट ११०० ही गाडी दुसऱ्याच वर्षी मुंबईत बनू लागली आणि थोड्याफार फरकांनी, निरनिराळ्या नावांनी, तिचा वंश पुढे 'पद्मिनी'पर्यंत चालला. मुंबईकरांनी या सुरुवातीच्या गाड्यांना 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. फुगीर पाठ, पुढे निघालेले नाक आणि बारीक डोळ्यांसारखे दिवे पाहिले, की या नावाबद्दल तक्रार करण्यास जागा उरत नाही. पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर. पुढची बैठक अखंड बाकासारखी, जिच्यावर दोन मोठी माणसे आणि मध्ये एक मूल सहज मावते.

घरातील वडीलधारे नाना १९६५ साली केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. तो काळ असा होता की नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि म्हणून चांगल्या स्थितीतील जुन्या गाडीलाही मोठा मान होता. नानांनी १९७४ साली एका डॉक्टरांकडून ही फियाट घेतली. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरसमोर ती उभी राहिली तेव्हा, माई सांगतात, शेजारच्या बायका हळदीकुंकवाची तबके घेऊन आल्या होत्या. पुढची चोवीस वर्षे या गाडीने घरच्या सर्व गोष्टी पाहिल्या: मुलाचे बारसे, बदल्या, पहाडगंजच्या गणेशोत्सवाच्या फेऱ्या, आणि नानांच्या आईला मध्यरात्री इस्पितळात नेणे. १९९८ साली क्लच गेला, घरात मारुती आली, आणि फियाट आज-उद्या दुरुस्त करू म्हणून उभी राहिली ती राहिलीच.

उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. नोएडाच्या घरी ती ओढून आणली तेव्हा चाकांतली हवा गेलेली होती. पुढे तिच्यावर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर रद्दी, आणि रद्दीवर मांजरांचा मुक्काम. नानांचे चिरंजीव गुरुग्रामच्या एका कंपनीत कामाला आहेत. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते आणि ते चूक होते असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ व २०१५ साली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोलच्या आणि दहा वर्षांवरील डिझेलच्या गाड्या रस्त्यावर आणण्यास मनाई केली होती. दिल्लीची हिवाळ्यातली हवा ज्यांनी छातीत घेतली आहे, त्यांना या मनाईचे कारण समजावून सांगावे लागत नाही. चालवता येत नाही, विकता येत नाही, आणि पोर्चमधील जागा मात्र अडते. तेव्हा मायापुरीच्या भंगारवाल्याला बोलवावे. एकदा तो येऊनही गेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर थाप मारली आणि वजनावर भाव सांगितला. नाना त्या दिवशी जेवले नाहीत, एवढेच त्या प्रसंगाविषयी घरात बोलले जाते.

या कोंडीतून वाट निघाली ती जुलै २०२१ मध्ये. केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक झालेली, खाजगी वापराची, आणि मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी वा चारचाकी या वर्गात बसते. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए' अशी खूण असलेला क्रमांक मिळतो. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पुढच्या नोंदणीस पाच हजार. अशा गाडीने रोज कचेरीला जाता येणार नाही आणि भाडेही मिळवता येणार नाही. परंतु प्रदर्शन, जुन्या गाड्यांच्या शर्यती व मिरवणुका, तांत्रिक संशोधन, तसेच पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणता येते.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. पंधरा वर्षे आणि पन्नास वर्षे यांच्यामध्ये पस्तीस वर्षांची एक दरी आहे. १९८३ साली निघालेली पहिली छोटी मारुती किंवा १९९०ची पद्मिनी आज या दरीत उभी आहे. ती पलीकडच्या काठाला पोहोचेपर्यंत कोणाच्या तरी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली तग धरील, तरच पुढच्या पिढीला दिसेल. न्यायालयाने त्यानंतरच्या वर्षांत आपल्या आदेशांचा पुन्हा विचार केला असला, तरी मायापुरीचे काटे थांबलेले नाहीत. आपल्या नातवंडांना दाखवण्याजोगी जी गाडी असेल, तीच आज वजनावर विकली जात असण्याचा संभव आहे.

नियमाची बातमी नानांना त्यांच्या नातीने वाचून दाखवली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. पदार्थविज्ञान तिच्या आवडीचा विषय आणि हात काळे करून घेण्याची तिला मनापासून हौस. दिवाळी झाल्यावर आजोबा आणि नात यांनी ताडपत्री काढली. धाकटा नातू दहा वर्षांचा. त्याच्याकडे मांजरीची पिल्ले हलविण्याचे काम आले.

जुनी गाडी हाती घेणारा नवशिक्या माणूस बहुधा प्रथम इंजिनाकडे धावतो. नानांनी तसे होऊ दिले नाही. करोलबागेत पूर्वी फियाटचे काम करणारे एक वृद्ध मिस्त्री त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना त्यांनी घरी बोलावले. मिस्त्रीजी गाडीजवळ आले, गुडघ्यांवर बसले आणि इंजिनाकडे न पाहता हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने दारांखालच्या पत्र्यावर टकटक करीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. या फियाटला ट्रकप्रमाणे किंवा जीपप्रमाणे निराळी चॅसी नसते; बॉडी हाच तिचा सांगाडा. तळाचा आणि दारांखालचा पत्रा कुजला, तर वरून कितीही रंग चढवला तरी गाडी आतून मोडलेलीच असते. दोन ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर पत्र्यातून आरपार गेला. बाकी आवाज खणखणीत आला. मिस्त्रीजी उठले, हात झटकले आणि म्हणाले, "जान है इसमें."

त्यानंतर त्यांनी जो सल्ला दिला त्यावरून घरात पहिला वाद झाला. ते म्हणाले की मूळ इंजिन जाम झालेले आहे. ते सोडवायला महिने लागतील, आणि सुटेल याची खात्री नाही. त्याऐवजी मारुतीचे इंजिन व गिअरबॉक्स आठवड्यात बसवून देता येईल, गाडी पळेलही अधिक. एके काळी पुष्कळ लोकांनी अशीच कामे करून घेतली होती. फियाटच्या आणि अँबेसिडरच्या पोटात डिझेलची इंजिने घालून त्या टॅक्सीला लावल्या गेल्या. चिरंजीवांना हा मार्ग व्यवहार्य वाटला. पण नव्या नियमात चॅसी, बॉडी वा इंजिन यांत फेरफार केलेली गाडी बसत नाही, हे नातीने निदर्शनास आणले. माई मात्र नियमाकडे वळल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, "आमच्या गावच्या महादेवाचा असाच जीर्णोद्धार केला. काळ्या पाषाणाला ऑइलपेंट दिला, गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा लावल्या. आता तिथे नमस्कार करते, पण देव ओळखीचा वाटत नाही." महाराष्ट्रात ज्यांनी थोडेफार हिंडून पाहिले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. इंजिन मूळचेच ठेवावयाचे ठरले.

जाम झालेले इंजिन सोडवणे हे बळाचे काम नव्हे, धीराचे आहे. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतावयाचे आणि वाट पाहावयाची. दर दोन दिवसांनी थोडे आणखी ओतावयाचे. क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हलकासा दाब द्यावयाचा. हलले नाही तर पाना काढून ठेवावयाचा. घाईने जोर केला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. नात शाळेतून आली की कपडे बदलण्यापूर्वी पाना लावून पाही. एकोणिसाव्या दिवशी तो केसभर सरकला. ती ओरडत घरात गेली, तेव्हा माईंना वाटले की हात चेमटला.

इंजिन पुढे उतरवून उघडले गेले. १०८९ घनसेंटिमीटरचे हे चार सिलिंडरचे लहानसे यंत्र जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत पसरले, तेव्हा घरातील प्रत्येकाला ते प्रथमच दिसले असे म्हणण्यास हरकत नाही. चोवीस वर्षे ज्याच्यावर बसून प्रवास केला ते आत काय होते, हे कोणी पाहिलेच नव्हते. सूनबाईंचा या प्रकरणात प्रवेश झाला तो येथे. काढलेला प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर कोठून निघाला हे लिहून ठेवले नाही, तर वर्षभराने एकही जागेवर बसणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी घरातले श्रीखंडाचे रिकामे डबे गोळा केले, त्यांवर क्रमांक घातले, आणि एका वहीत प्रत्येक क्रमांकापुढे भागाचे नाव, जागा आणि काढल्याची तारीख लिहिली. नावे जशी घरात रूढ झाली तशीच वहीत उतरली आहेत. ज्या भागाचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, त्यापुढे 'बेडकासारखे दिसणारे' असे लिहिलेले आम्ही स्वतः वाचले आहे. खर्चाचा हिशेबही त्याच वहीत आहे. तो सांगण्याची आम्हांस परवानगी नाही. एवढेच म्हणतो, की भंगारवाल्याच्या भावाशी त्याची तुलना न केलेली बरी.

सुटे भाग मिळविण्यासाठी कश्मीरी गेटच्या बाजारासारखी दुसरी शाळा दिल्लीत नाही. चिंचोळ्या गल्ल्यांतून मोटारींच्या भागांची दुकाने दाटलेली आहेत, आणि तेथल्या जुन्या दुकानदाराला तुटका तुकडा नुसता हातात दिला तरी तो गाडी, साल आणि ती कोणत्या अंगाने आपटली हे सांगतो. फियाटचा वंश चाळीस-पंचेचाळीस वर्षे चालल्याने पद्मिनीचे काही भाग या म्हातारीलाही लागतात, हे मोठे सुदैव. क्लचची प्लेट, गॅस्केट, पॉइंट, कंडेन्सर अशा गोष्टी मिळाल्या. जे मिळत नव्हते ते दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हते: डायनॅमो उघडून त्याचा तांब्याचा गोल बारीक पॉलिश पेपरने घासला, पेट्रोलच्या टाकीतला डिंकासारखा जमलेला गाळ काढून ती आतून धुतली, दारांच्या काचा वरखाली करणारी यंत्रणा ग्रीस घालून मोकळी केली. एक दुःखद प्रकारही घडला. नाकावरील चकचकीत पट्ट्या पुन्हा क्रोम करण्यासाठी एका कारखान्यात दिल्या होत्या. त्यांतील एक तेथे हरवली. कारखानदाराने दिलगिरी व्यक्त केली आणि पैसे घेतले नाहीत, पण पट्टी परत आली नाही. तिच्या जागी पत्र्याची कापून, ठोकून घडवलेली पट्टी आज बसलेली आहे. ठाऊक नसलेल्याला ती दिसत नाही. नानांना मात्र तीच प्रथम दिसते.

ज्या वाचकांच्या मनात असा उद्योग हाती घ्यावयाचा असेल, त्यांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ब्रेकचे ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवणे अत्यंत धोक्याचे आहे. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके बंद पिशवीत टाकावे. त्या काळच्या रंगांत शिसे असे. म्हणून जुना रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा, तोंडावर चांगल्या प्रतीचा मुखवटा असावा, आणि लहान मुलांना त्या दिवशी दूर ठेवावे. आमच्या या घरी नातवाला रंग घासण्याच्या दोन्ही रविवारी आत्याकडे पाठवण्यात आले, आणि त्याचा राग त्याने पुढे बरेच दिवस धरला. तिसरी गोष्ट आजच्या पेट्रोलची. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि साठ वर्षांपूर्वीचे रबर व बुचाचे गॅस्केट त्याने फुगतात वा झिजतात. पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालून घेणे इष्ट. मूळ स्वरूप राखावे हे खरे. पण गाडीला आग लागण्याइतके राखू नये. ब्रेक तर इंजिन सुरू होण्याच्या आधीच पूर्ण झाले पाहिजेत, हा मिस्त्रीजींचा नियम. जी गाडी थांबत नाही ती चालवून दाखवू नये, असे ते म्हणत.

काम फक्त हिवाळ्यातच होई. उन्हाळ्यात पोर्चमधील लोखंडाला हात लावण्याची सोय नसते, आणि पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर गाडी झाकलेली, आणि त्या महिन्यांत वाचन. एका उन्हाळ्यात सारे कुटुंब हरियाणात तावडूजवळ असलेले हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम पाहून आले. तरुण ठकराल यांच्या खाजगी संग्रहातून उभे राहिलेले हे संग्रहालय २०१३ साली खुले झाले. पालख्या, बैलगाड्या, आगगाडीचा डबा, जुन्या मोटारी आणि विमानसुद्धा एकाच छपराखाली पाहावयास मिळतात. नातू तेथून परतला तो मोटारींपेक्षा बैलगाड्यांनी अधिक भारावून.

वाचनाच्या या महिन्यांतच नानांच्या तोंडून कुफरीची हकीकत निघाली. १९७७ सालच्या हिवाळ्यात ते सिमल्याला गेले होते. हिम पाहू म्हणून आणखी वर कुफरीपर्यंत फियाट नेली, आणि परतताना ती हिमात रुतली. चाके जागच्या जागी फिरू लागली. अंधार पडत चालला होता, मागच्या बैठकीवर दोन वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेला, आणि गाडी पुढे जाईना की मागे येईना. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या चार पहाडी माणसांनी चाकांखाली पोती घातली, खांदे लावले आणि तिला बाहेर काढले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. ही गोष्ट माईंनी एवढी वर्षे कोणाला सांगितली नव्हती. नाना सांगत असताना त्या उठून आत गेल्या.

नातवाने साहजिकच विचारले की मग हिमावर गाडी चालते तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्याला कॅनडातील जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांची माहिती मिळाली, आणि ती त्याने सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. क्वेबेक प्रांतातील वालकूर गावचा हा यंत्रज्ञ १९०७ साली जन्मला. पंधरा वर्षांचा असताना त्याने वडिलांनी दिलेल्या मोडक्या फोर्डच्या इंजिनाला पंखा जोडून आणि भावाला मदतीला घेऊन हिमावर धावणारी एक घसरगाडी बनविली. फिरता उघडा पंखा पाहून घाबरलेल्या वडिलांनी ती लगेच मोडावयास लावली. पुढे १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने अत्यवस्थ झाला. रस्ते हिमाने बंद, इस्पितळ दूर, आणि त्याच्या कारखान्यातील हिमगाडी अजून अपुरी. मुलगा वाचला नाही. दातेरी चक्रावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या त्याच्या रचनेला १९३७ साली पेटंट मिळाले. मागे हे पट्टे आणि पुढे वळण्यासाठी दोन घसरपट्ट्या, अशी त्याची गाडी. वजन चाकाच्या चार ठिपक्यांवर न पडता लांब पट्ट्यावर पसरते, आणि म्हणून ती रुतत नाही. प्रथम सात माणसांची आणि नंतर बारा माणसांची अशा या गाड्यांनी डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले वाहिली. १९४८ साली क्वेबेक सरकारने खेड्यांचे रस्ते हिवाळ्यात मोकळे ठेवण्याचे ठरवल्यावर त्यांची गरज ओसरली. तिकडची कुटुंबे आजही कोठाराच्या कोपऱ्यातून या गाड्या बाहेर काढतात आणि लाकडी अंग, रबरी पट्टे, इंजिन असे एकेक दुरुस्त करीत अनेक हिवाळे घालवतात.

वाचन संपल्यावर कोणी काही बोलले नाही. कुफरीच्या रात्री मागच्या बैठकीवर असलेला मुलगा, म्हणजे नानांचे चिरंजीव, त्या खोलीतच होते.

त्यांच्या बाबतीत पुढे जे घडले ते आमच्या समोर घडले, म्हणून लिहितो. तिसऱ्या हिवाळ्यात रंगाची तयारी चालली असताना पुढच्या पत्र्याच्या फळीवर, घड्याळांच्या उजवीकडे, जुन्या रंगाखाली कोरलेले एक वेडेवाकडे अक्षर सापडले. ते त्यांच्या नावाचे आद्याक्षर. आठ वर्षांचे असताना नाण्याने कोरलेले. त्यासाठी त्या वेळी त्यांनी मार खाल्ला होता, आणि नानांनी दुसऱ्याच दिवशी त्यावर रंग फासून घेतला होता. आता रंगाऱ्याने लांबी भरून ते बुजवू का, असे विचारले. नानांनी मुलाकडे पाहिले. चिरंजीव बराच वेळ त्या अक्षरावरून बोट फिरवत राहिले आणि "तुम्हीच ठरवा, नाना," म्हणून आत गेले. अक्षर ठेवण्यात आले. दुसऱ्या रविवारी ते जुना पायजमा घालून पोर्चमध्ये आले आणि तळाला लावावयाच्या डांबरी रंगाचा डबा त्यांनी उचलला. गाडीखाली उताणे पडून करावयाचे हे काम त्या घरात कोणालाच नको होते.

रंग मार्चमध्ये दिला, कारण जानेवारीतील धुके आणि दव यांत तो वाळत नाही. रंग मूळचाच, फिकट हिरवट करडा. तो कोणता होता हे डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेवरून ठरविले. चौथ्या हिवाळ्यात विजेच्या तारा, बैठकी आणि कार्बोरेटरची जुळणी. इंजिन सुरू झाले त्या दिवशी आम्ही हजर नव्हतो. सर्वांचे म्हणणे असे की पहिल्या खेपेला फक्त मोठा बार झाला आणि शेजारची कबुतरे उडाली. दुसऱ्या खेपेला ते धरले. नानांना अलीकडे कमी ऐकू येते. त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि नातीला सांगितले की तिसरा सिलिंडर मागे पडतो आहे. प्लग बदलल्यावर तो सुधारला.

कागदपत्रांना इंजिनाहून अधिक वेळ लागला, परंतु त्याची हकीकत रंजक नाही. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने पुढचा दरवाजा सवयीने पुढून उघडावयास पाहिला आणि तो उलटा उघडताच हसला, एवढे लिहिण्याजोगे आहे. जुना क्रमांक कायम राहिला. फेब्रुवारीतील 'स्टेट्समन' वृत्तपत्राच्या जुन्या मोटारींच्या मेळाव्यात गाडी न्यावी, असा नातवाचा आग्रह आहे. १९६४ साली सुरू झालेल्या या मेळाव्यात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा आगीचा बंबसुद्धा धावला आहे. नाना म्हणतात, आधी पेट्रोल पंपापर्यंत जाऊन येऊ.

तेथपर्यंत जाऊन येण्यास नियमाची हरकत नाही. एका रविवारी सकाळी सहाही जण निघाले. नात सुकाणूवर, तिच्या शेजारी नाना, दोघांच्या मध्ये चौदा वर्षांचा झालेला नातू गुडघे आक्रसून. मागे माई, चिरंजीव आणि सूनबाई. खांबावरचा दुसरा गिअर टाकताना नात एकदा चुकली. नाना काही बोलले नाहीत. त्यांचा डावा पाय मात्र नसलेला क्लच दाबून गेला. पंपावरील मुलाने किती भरू म्हणून विचारले, तेव्हा माईंनीच मागून "दहा लिटर" असे सांगितले. पूर्वी तेवढेच भरीत.

परत आल्यावर गाडी पोर्चमध्ये लावली आणि सर्व आत गेले. नाना तेवढे वाकून खाली पाहत राहिले. इंजिनाच्या मागच्या बाजूला फरशीवर तेलाचा एक थेंब पडला होता. ते पाहत असतानाच दुसरा पडला. त्यांनी नातीला हाक मारली, श्रीखंडाचा एक रिकामा डबा आणवून थेंबाखाली ठेवला, आणि मागचे ऑइल सील पुढच्या रविवारी उघडावयाचे ठरले.